आधी एक्सल धरा, मग मोटर फिरवा

इलेक्ट्रिक सायकल दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मोटर किती वॅटची? दुसरा, एका चार्जमध्ये किती जाते? ती मोटर सायकलला कशी धरून ठेवली आहे, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. माझं पोटापाण्याचं काम मोटर रिवाइंडिंगचं. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वॉर्निश द्यायचं. मोटर जेवढ्या जोराने भार फिरवते तेवढ्याच जोराने स्वतः उलटी फिरायला बघते, हे या कामात हाताला कळतं. पंपाची मोटर पायातल्या चार बोल्टांनी आवळलेली असते ती उगाच नाही. सायकलच्या चाकातल्या मोटरीला असे चार बोल्ट नसतात. तिला धरायला एक्सलची, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याची, दोन टोकं आणि फ्रेमच्या दोन खाचा, बस्स. म्हणून या लेखात मोटरीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या गोष्टी जास्त आहेत.

साध्या सायकलला इलेक्ट्रिक करणारं किट मी बसवलं ते माझ्या जुन्या स्टीलच्या सायकलवर. मागच्या चाकात ३६ व्होल्टची गिअरवाली हब मोटर, १५ अँपिअरचा कंट्रोलर (मोटरीला किती करंट सोडायचा ते ठरवणारा डबा), खालच्या तिरक्या नळीवर बॅटरी. मोटरीवर २५० वॅट लिहिलेलं आहे. पण १५ अँपिअर गुणिले ३६ व्होल्ट केले की ५४० वॅट होतात, म्हणजे चढावर बॅटरीतून दुपटीपेक्षा जास्त ताकद ओढली जाते. २५० हा आकडा मोटर सतत किती सोसेल त्याचा. चढावरचा जोर ठरतो कंट्रोलरच्या अँपिअरवर, आणि नेमका तो आकडा खरेदी करताना कोणी बघत नाही. जोर करंटवर, वेग व्होल्टेजवर. एवढं लक्षात ठेवलं तरी किट निवडतानाचे निम्मे प्रश्न सुटतात.

गिअरवालीच का, तेही सांगते. हब मोटरीचे दोन प्रकार. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये हबचं कवच हाच मोटरीचा फिरणारा भाग. आत गिअर नाहीत, झिजायला बेअरिंगशिवाय काही नाही, आणि ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत जाऊ शकते. पण ती जड असते आणि बंद असताना तिच्या चुंबकांचा अडथळा पायाला जाणवतो. दुसऱ्या प्रकारात आत छोटी मोटर भराभर फिरते, प्लॅनेटरी गिअर तो वेग चार-पाच पटींनी उतरवतात, आणि एका दिशेलाच पकडणारा क्लच असतो. मोटर बंद केली की चाक साध्या सायकलसारखं मोकळं. मला सपाट रस्त्यावर मोटर बंद ठेवून चालवायला आवडतं, म्हणून हा प्रकार. क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यापाशी, बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर चढाला सगळ्यात चांगली, कारण ती सायकलचे गिअर वापरते. पण तिचा सगळा जोर चेनवरून जातो, त्यामुळे चेन आणि मागचे दाते लवकर झिजतात. त्या वाटेला मी गेले नाही.

आता एक्सल. हब मोटरीचा मागचा एक्सल बहुधा १२ मिमीचा असतो आणि दोन बाजूंनी तासून सपाट केलेला, त्या सपाट बाजूंमधलं अंतर १० मिमी. हा सपाट भाग फ्रेमच्या खाचेत बसतो आणि एक्सलला फिरू देत नाही. मोटर चढावर ४० न्यूटन-मीटरचा जोर लावते असं धरू. एक्सलवर तेवढाच जोर उलट्या दिशेने येतो. तो जोर खाचेच्या दोन कडांवर पेलायचा, आणि त्या कडांमधलं अंतर जेमतेम १० मिमी. म्हणजे ४० भागिले ०.०१, चार हजार न्यूटन. साधारण चारशे किलोचा दाब, पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या कडेवर, दर वेळी थ्रॉटल, म्हणजे हँडलवरची वेगाची मूठ, पिळल्यावर. नट घट्ट आवळला असेल तर घर्षण यातला मोठा वाटा उचलतं. नट जरा सैल पडला की सगळा भार कडांवर.

टॉर्क आर्म म्हणजे या भाराला दिलेला लांब दांडा. एका टोकाला एक्सलच्या सपाट भागावर नेमकं बसणारं भोक, दुसरं टोक फ्रेमच्या नळीला बांधलेलं. दांडा १०० मिमी लांब असेल तर तेच ४० न्यूटन-मीटर पेलायला नळीवर फक्त ४०० न्यूटन लागतात, म्हणजे चाळीस किलो. दहापट कमी. पोलादाची एवढीशी पट्टी, आणि कित्येक किटांमध्ये ती नसतेच. किटमध्ये नसेल तर ती वेगळी घ्या, पण तिच्याशिवाय चाक फिरवू नका. इतर कुठल्याही बाबतीत माझा एवढा हट्ट नसतो.

ओळखीतल्या एकाने पुढच्या चाकाची हब मोटर सस्पेन्शन चिमट्यात बसवली होती, टॉर्क आर्म न लावता. अशा चिमट्यांचे खालचे पाय अ‍ॅल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमचे ओतीव असतात. स्टीलची खाच आधी वाकते, रंग उडतो, काहीतरी इशारा देते. ओतीव धातू सरळ तडकतो. चढावर खाच उघडली आणि एक्सल खाचेतल्या खाचेत गरागरा फिरला. वेग कमी होता म्हणून माणूस वाचला. मोटर माझ्याकडे आली. एक्सल पोकळ असतो, मोटरीच्या सगळ्या तारा त्यातूनच बाहेर येतात. एक्सल फिरला तशा तारा त्याच्या तोंडाशी पिळल्या गेल्या होत्या. बाहेरचं काळं आवरण फाटलेलं, मोटरीला ताकद देणाऱ्या जाड फेज वायरींपैकी पिवळीचं तांबं उघडं पडलेलं, आणि ते शेजारच्या केसाएवढ्या हॉल वायरला चिकटलेलं. हॉल सेन्सर म्हणजे मोटर फिरताना कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे सेन्सर. पाच व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरांवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज गेला. तिन्ही हॉल सेन्सर मेले होते, कंट्रोलरही. वायंडिंग मात्र धडधाकट! सेन्सर बदलून, नवी केबल ओढून मोटर परत चालू केली, पण त्या ओतीव चिमट्यात नाही. ती आता चालते ती दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावूनच.

बसवायच्या आधी फ्रेमची मोजणी करायची. मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर बहुतेक हब मोटरींना १३५ मिमी लागतं. माझ्या फ्रेमचं १३० भरलं. स्टीलची फ्रेम असल्यामुळे प्रत्येक बाजूला अडीच मिलिमीटर हाताने फाकवता येते, तेवढी तिची सहज क्षमता असते. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हे अजिबात करायचं नाही, दुसरी मोटर शोधायची. खाचेत रंगाचे थर बसलेले असतात, ते बारीक कानशीने काढले. फक्त रंग, धातू नाही. एक्सल आत सरकताना अंगठ्याने दाबावा लागला पाहिजे. नुसता सोडल्यावर खाली पडला तर खाच मोठी आहे आणि तिथे टॉर्क आर्मची गरज दुप्पट.

वायसरांचा क्रम लोक कुठलाही लावतात. जिभेचा वायसर असतो, त्याची जीभ खाचेत बसली पाहिजे, बाहेर फ्रेमवर टेकलेली नको. त्यावर टॉर्क आर्म, मग साधा वायसर, मग नट. नट मी स्टीलवर ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळते, टॉर्क पान्याने. टॉर्क आर्मचं भोक एक्सलवर हलत असेल तर तो आर्म निम्म्या कामाचा, कारण एक्सल पहिले दोन अंश मोकळा हलतो, दर वेळी पुढेमागे डुलतो, आणि त्या डुलण्याने नट ढिला होतो. डायरेक्ट ड्राइव्ह मोटरीत वीज परत घेणारा ब्रेक चालू असेल तर हे जास्त, कारण जोर दोन्ही दिशांनी येतो. सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर नट पुन्हा आवळायचे. रंग दबतो, वायसर बसतात आणि नट थोडा जागा सोडतो.

रिम फ्रेमच्या मधोमध आहे की हबच्या, हा पुढचा प्रश्न. मोटरीच्या एका बाजूला फ्रीव्हील असतं, दुसऱ्या बाजूला डिस्क, त्यामुळे हबचा मध्य आणि फ्रेमचा मध्य एक नसतो. रिम फ्रेमच्या मधोमध आली पाहिजे. ते साधतं फक्त स्पोकच्या ताणाने. सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं, ब्रेक पॅडशी अंतर बघत आउट काढला. मोटरीच्या चाकात स्पोक आखूड असतात, कारण हबच मोठा. साधे स्पोक २ मिमीचे, पण किटांमध्ये बऱ्याचदा २.३ किंवा २.६ मिमीचे जाड घातलेले असतात, कारण जाड म्हणजे मजबूत असं वाटतं. माझं मत वेगळं आहे. आखूड आणि जाड स्पोक ताणला जातच नाही. खड्ड्यात रिम जराशी दबली की त्याचा ताण शून्यावर जातो, निपल सैल पडतं, आणि मग वाकून वाकून स्पोक हबच्या भोकापाशी तुटतो. थोडा बारीक स्पोक ताणलेला राहतो. मी चाक पुन्हा विणून घेतलं ते याचसाठी. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर प्रत्येक स्पोकला पक्कडीच्या दांड्याने टिचकी मारून ऐकायचं. एका बाजूचे सगळे स्पोक जवळजवळ एकाच सुरात वाजले पाहिजेत. जो बद्द वाजतो तो सैल.

केबल एक्सलमधून जिथे बाहेर येते ते तोंड खाली यायला हवं. तोंड वर असेल तर पाणी केबलवरून ओघळत सरळ मोटरीत शिरतं, आणि गिअर, बेअरिंग, सेन्सर तिघांनाही ते नको असतं. केबल एक्सलच्या खालपर्यंत लोंबती ठेवून, वळण देऊन मगच वर नळीला बांधायची. पाणी त्या वळणाच्या तळाशी येऊन गळून पडतं. डिस्क ब्रेक असेल तर केबल त्याच्या रोटरपासून, म्हणजे ब्रेकच्या चकतीपासून, लांब. रोटर तापतो आणि त्याला स्पर्श झालेलं इन्सुलेशन टिकत नाही.

मी कंट्रोलर मोटरीबरोबरचा नाही, वेगळा घेतला. सोबतचा स्क्वेअर वेव्ह होता, म्हणजे करंट झटक्यांत सोडणारा, त्यामुळे मोटर निघताना गुरगुरायची. साइन वेव्हवाला गुळगुळीत चालतो आणि तो आवाज जातो. मात्र वेगळा कंट्रोलर म्हणजे तारांचे रंग जुळतीलच असं नाही. मोटरीतून येतात तीन जाड फेज वायर, पिवळी, हिरवी, निळी, आणि पाच बारीक हॉल वायर: लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, आणि पुन्हा पिवळी, हिरवी, निळी. फेजच्या सहा जोडण्या गुणिले हॉलच्या सहा, म्हणजे ३६. त्यातल्या फक्त सहा बरोबर, आणि त्या सहांतही तीन चाक उलटं फिरवतात. रंगाला रंग जोडून मोटर छान फिरली तर प्रश्न मिटला. नाहीतर शांतपणे एकेक जोडणी करून बघायची, चाक उचललेलं, थ्रॉटलला नुसता स्पर्श. चूक जोडणीत मोटर थरथरते, घरघरते आणि करंट उसळतो. बरोबर जोडणीत मोकळं चाक जेमतेम एक अँपिअर घेतं.

जोडण्याआधी हॉल सेन्सर जिवंत आहेत का ते बघून घेतलेलं बरं. कंट्रोलर चालू ठेवून, मल्टिमीटरची काळी पिन हॉलच्या ग्राउंडला, लाल पिन एकेका सिग्नल वायरला. आता चाक अगदी हळू फिरवायचं, आणि इथेच बरेच जण अडकतात. गिअरवाल्या मोटरीचं चाक पुढे फिरवलं तर क्लच सुटतो, आतली मोटर जागची हलत नाही आणि मीटरवर आकडा बदलत नाही. मग सेन्सर मेला असं समजून लोक चांगली मोटर उघडतात. चाक मागे फिरवायचं. मागे फिरवताना क्लच पकडतो, मोटर फिरते आणि आकडा शून्याजवळून पाचाजवळ, पुन्हा शून्याजवळ असा उड्या मारतो. तिन्ही वायरींवर उड्या दिसल्या की सेन्सर ठीक. फेजची परीक्षाही हातानेच होते. कंट्रोलरपासून सोडवलेल्या तीन जाड वायरींपैकी दोन-दोन एकमेकींना टेकवा आणि चाक मागे फिरवा. चाक जड लागलं पाहिजे, प्रत्येक जोडीला सारखंच. एखादी जोडी हलकी लागली तर वायर तुटलेली आहे.

बॅटरीच्या जोडणीला मी एक्सटी-६० कनेक्टर वापरते, सिलिकॉन वायरवर डाख देऊन, वर हीट-श्रिंक. बॅटरीच्या बाजूला नेहमी झाकलेल्या पिनांचा कनेक्टर, उघड्या पिना कंट्रोलरच्या बाजूला. सुटलेली बॅटरी कुठल्याही लोखंडाला टेकली तरी चटका बसू नये. पहिल्यांदा जोडताना चट् करून ठिणगी पडते, त्याला घाबरायचं कारण नाही. कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात त्याची ती ठिणगी. पण रोज पडली तर पिना काळ्या पडून करंट अडवू लागतात. सायकल रोज सुटी करायची असेल तर आत रेझिस्टर असलेला एक्सटी-९०-एस घ्यावा.

थ्रॉटलच्या तीन बारीक वायरींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सिग्नल मोकळ्या स्थितीत साधारण ०.८ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर चारच्या आसपास जातो. ग्राउंडची काळी वायर तुटली तर सिग्नल खाली न येता वर जातो, आणि कंट्रोलरला वाटतं थ्रॉटल पूर्ण पिळलंय. चांगले कंट्रोलर अवास्तव जास्त व्होल्टेज दिसला की मोटर थांबवतात, सगळे नाही. म्हणून हँडलपाशी वायर बांधताना हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून बघायचं. कुठेही ताण दिसता कामा नये. वायर तुटते ती वळणाच्या जागीच, आणि आवरणाच्या आत, बाहेरून दिसत नाही.

याच कारणाने ब्रेकच्या लिव्हरमधला कट-ऑफ स्विच माझ्या लेखी ऐच्छिक नाही. लिव्हर नुसतं ओढायला लागलं की मोटर बंद. पॅड रिमला टेकायच्या आधी. पेडल सेन्सर असलेल्या सायकलवर तर तो हवाच, कारण पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर चालू राहते. चाचणी सोपी. चाक उचलायचं, मोटर फिरवायची, एकेक लिव्हर बोटाने हलकंच ओढायचं. दोन्ही लिव्हरांनी मोटर थांबली तरच सायकल रस्त्यावर.

पेडल सेन्सर, म्हणजे पॅस, बसवणं वेळखाऊ पण सरळ काम. क्रँक काढायचा पुलर लागतो. डाव्या बाजूला, क्रँकच्या मागे, चुंबकांची चकती क्रँकच्या एक्सलवर आणि सेन्सर फ्रेमवर. चकतीवर बाण असतो, तो पेडल मारायच्या दिशेला. सेन्सर आणि चकतीमध्ये दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जागा नको. चकतीवर चुंबकं जितकी जास्त तितकी मोटर लवकर जागी होते. पाच चुंबकांच्या चकतीला बऱ्यापैकी पेडल फिरवावं लागतं, बाराच्या चकतीला पाय हलला की कळतं. ट्रॅफिकमध्ये थांबून निघताना हा फरक फार मोठा आहे. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो तो भाग, उघडायची वेळ आलीच तर चेनच्या बाजूच्या कपाचे आटे बहुतेक सायकलींवर उलटे असतात, हे विसरू नका. जोर लावून ते उलटे आटे फ्रेमसकट खराब केलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. चकतीचा सेन्सर फक्त पाय फिरतोय की नाही एवढंच सांगतो, किती जोर लावलाय ते नाही. जोर मोजणारा टॉर्क सेन्सर बॉटम ब्रॅकेटच्या जागी बसतो आणि त्याने चालवायला जो सहजपणा येतो तो वेगळाच. माझ्या यादीत पुढचं काम तेच आहे.

बॅटरी कॅरिअरवर नको, तिरक्या नळीवर. तीन किलो वजन मागे उंचावर ठेवलं की वळताना सायकलची शेपटी हलते. पण नळीवरची बैठक पाण्याच्या बाटलीच्या दोन बारीक स्क्रूंवर असते, आणि ते स्क्रू बाटलीसाठी बनलेले आहेत. मी बैठकीखाली रबराची पट्टी घातली आणि बॅटरीभोवती एक रुंद पट्टा आवळला. नळीला नवं भोक पाडलं नाही. पातळ नळीला भोक म्हणजे तडा जायला आयती जागा.

माझी बॅटरी दहा सेल एका ओळीत, म्हणजे पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. तेरा अँपिअर-अवर गुणिले ३६, ४६८ वॅट-अवर. पेडल मारत चालवलं तर किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर जातात, तेव्हा किती जाईल ते प्रत्येकाने आपापलं काढावं.

माझा मोठा भाऊ माझी सायकल चालवून आला आणि म्हणाला, "अगं, माझ्याकडे ४८ व्होल्टची बॅटरी आहे, तीच लाव की. जरा पळेल तरी."

"पळेल दादा. पण आधी कंट्रोलर उघडून कपॅसिटर बघू दे."

त्याच्यावर ५० व्होल्ट लिहिलेलं असेल तर विषय तिथेच संपतो, कारण ४८ व्होल्टची तेरा सेलांची बॅटरी भरल्यावर ५४.६ व्होल्टची असते. माझ्या कंट्रोलरवर ६३ व्होल्टचे कपॅसिटर आहेत, तो भाग सुटला. पुढचा सुटला नाही. ३६ व्होल्टचा कंट्रोलर बॅटरी ३१ व्होल्टच्या आसपास आली की मोटर बंद करतो. दहा सेलांना ते योग्य आहे, सेलमागे ३.१ व्होल्ट. तेरा सेलांना तेच ३१ व्होल्ट म्हणजे सेलमागे २.४ च्याही खाली. म्हणजे बॅटरी वाचवायची जबाबदारी एकट्या बीएमएसवर, बॅटरीच्या आत सेल सांभाळणाऱ्या सर्किटवर. तो शेवटचा रखवालदार आहे, रोजचा नाही. आणि वेग. ३६ चे ४८ केले की मोकळ्या चाकाचा वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो. चार-तृतीयांश वेग म्हणजे ब्रेकने जिरवायची ऊर्जा त्याच्या वर्गात, जवळपास पावणेदोन पट. त्याच पॅडनी, त्याच रिमवर. शिवाय बऱ्याच ठिकाणी मोटरीची मदत ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला थांबली तरच ती कायद्याने सायकल, त्यापुढे नाही.

त्याने मग दुसरा उपाय काढला, कंट्रोलरच्या शंटला डाख देऊन अँपिअर वाढवायचे. हे बरेच लोक करतात. कंट्रोलरमध्ये एक जाड तारेचा तुकडा असतो, त्याच्यावरच्या व्होल्टेजवरून कंट्रोलर करंट मोजतो. त्याच्यावर डाख चढवला की तारेचा रोध कमी होतो, कंट्रोलर फसतो आणि १५ च्या जागी समजा २० अँपिअर सोडतो. जोर तिसऱ्या हिश्शाने वाढतो हे खरं. पण तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गात वाढते, म्हणजे पुन्हा तेच पावणेदोन पट. हब मोटर बंद डब्यासारखी, आतली उष्णता बाहेर पडायला फक्त एक्सल आणि कवच. नायलॉनचे गिअर गरम होऊन मऊ पडतात आणि त्याच वेळी त्यांच्यावर जास्त जोर येतो. दाते सोलपटून निघतात. वॉर्निश जळल्याचा वास माझ्या दुकानात रोज असतो, तो मी माझ्या सायकलला येऊ देणार नाही. जास्त जोर हवा असेल तर जास्त जोराची मोटर घ्यावी, किंवा त्याच मोटरीला हळू फिरणारं वायंडिंग. हे मी दादाला कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्याला पटलं.

आता त्याच्या सायकलचं काम काढलंय. पुढचा चिमटा ओतीव आहे, म्हणून मोटर मागेच. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, पण खाचांमधलं अंतर मोजून १३५ भरलं, तेव्हा फाकवायचा प्रश्न नाही. त्याच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीला ४८ व्होल्टचाच कंट्रोलर, खाली ४२ ला बंद होणारा, आणि वेगाची मर्यादा डिस्प्लेमध्ये बांधलेली. मागे १६० मिमीचा रोटर आहे, तिथे १८० चा बसवायचा, त्याला अ‍ॅडॅप्टर लागेल आणि मोटरीच्या कवचापासून कॅलिपरला जागा उरते का ते चाक घालून बघावं लागेल. टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना, नळीवर पट्ट्याने नाही तर डिस्कच्या ब्रॅकेटजवळच्या भोकात बोल्टने. ते भोक ६ मिमीचं आहे, त्यामुळे आर्मचं दुसरं टोक त्या मापाला नेमकं कापून घ्यायला दिलंय.